विजेविना चालणारी गिरणी

अग्नीने माणसाला माणूस केलं, याबद्दल विद्वानांत दुमत नसावं. घोटीत त्याने माझ्या दाजींना काही काळ स्वागताध्यक्ष केलं, एवढं मात्र मी स्वतः पाहिलं आहे.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. घोटीत त्यांची भातगिरणी होती आणि गिरणीमागेच घर. मी नाशिकला एका ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवायचो, म्हणून ते मला ‘प्रोफेसर’ म्हणायचे. मी प्रोफेसर नाही हे त्यांना पक्कं माहीत होतं. माहीत नसतं तर म्हणाले नसते.

लोडशेडिंगची ती वर्षं. दिवाळी उलटली की भाताची झोडणी व्हायची आणि डोंगराकडच्या गावांतून बैलगाड्या, टेम्पो, जीपच्या टपावर रचलेली पोती घोटीत उतरू लागायची. भात भरडून घ्यायचं, तांदूळ आणि गुरांसाठी कोंडा घेऊन अंधार पडायच्या आत घर गाठायचं, असा लोकांचा बेत असायचा. वीज त्या बेतात सामील नसायची. ती गेली की माणसं आपापल्या पोत्यांवर बसून तंबाखू मळत राहायची, आणि रेल्वे फाटकापलीकडच्या गिरणीतून इंजिनाचा ठकठकाट सुरू झाला की सगळ्यांच्या माना तिकडे वळायच्या. मान वळली की मागोमाग पोतीही वळतात. दाजींकडे एक जुनं डिझेल इंजिन होतं. नाइलाजाने ते लावायचे, पण लावल्यावर त्याच्याकडे असे बघत उभे राहायचे, जणू एखादा नकोसा पाहुणा पुन्हा पुन्हा श्रीखंड वाढून घेतो आहे.

गिरणी नावाने दाजींची होती. वजनकाट्यावर ताई बसायची. कोण कुठल्या पाड्यावरून येतं, कुणाच्या पोत्यात ओलं भात असतं, कुणाला घाईने शेवटची जीप पकडायची असते, हे तिला माहीत. त्यामुळे गिऱ्हाईक तुटणं म्हणजे काय, हेही तिलाच माहीत.

गिरणीमागे तुसाचा ढीग असायचा. तूस म्हणजे भाताचं टरफल. गुरं ते खात नाहीत. वीटभट्टीवाले नेतील तेवढं नेत. उरलेलं वारा उचलायचा आणि ताईच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर, कुरडयांवर, झाकण सरकलेल्या पातेल्यात आणून ठेवायचा. या ढिगासमोर उभं राहून एक सफारी घातलेले गृहस्थ एकदा म्हणाले, “ताई, याला तूस म्हणू नका. ही बंदिस्त ऊर्जा आहे.”

“बंदिस्त असती तर बरं झालं असतं,” ताई म्हणाली. “आत्ताच दुधातून काढली.”

सफारीवाल्यांचं सातपूरच्या बाजूला छोटं वर्कशॉप होतं. तुसापासून गॅस करून त्यावर इंजिन चालवायचं यंत्र त्यांनी बनवलं होतं. त्यांना ते कुठेतरी उभं करून दाखवायचं होतं, आणि दाजींना कुणालातरी काहीतरी दाखवायचंच होतं. दोघांचं लगेच जमलं.

मग एका दुपारी कॉलेजात ताईचा फोन आला. स्टाफरूममधला फोन फक्त मृत्यू आणि परीक्षा यांच्यासाठी वापरायचा असा आमच्याकडे संकेत होता, त्यामुळे मी घाबरतच घेतला.

“अरे, तू येऊन जा. हे लाइट तोडायला निघालेत.”

“कुणाची?”

“आपलीच. गिरणीची.”

रविवारी गेलो तेव्हा उलगडा झाला. यंत्राचं उद्घाटन ठरलं होतं. मोठे पाहुणे येणार होते, आणि पत्रिकेवर छापलं होतं, ‘विजेविना चालणारी तालुक्यातील पहिली भातगिरणी’. ते शब्दशः खरं व्हावं म्हणून दाजी गिरणीचं थ्री-फेज कनेक्शन परत करणार होते. तसा अर्ज त्यांनी लिहून तयार ठेवला होता. तो मंचावर, टाळ्यांच्या गजरात, पाहुण्यांच्या हाती द्यायचा. पाहुणे तो पुढे योग्य त्या टेबलावर पोचवणार होते.

“लाइट नकोय ना? मग नका वापरू,” ताई म्हणाली. “तोडायची कशाला?”

“अगं, वापरत नाही म्हणणारे छप्पन्न असतात. त्यांच्याकडे कोण येतं? तोडली म्हटल्यावर माणूस गाडी काढून बघायला येतो.”

“आणि यंत्र बंद पडलं तर? तोच माणूस गाडी काढून लाइट जोडून द्यायला येणार आहे का?”

दाजींनी माझ्याकडे पाहिलं. “प्रोफेसर, तुमच्या बहिणीला जरा विज्ञान सांगा.”

ते आंघोळीला गेल्यावर ताईने मला वजनकाट्याशेजारी बसवलं. ते कनेक्शन तिच्या सासऱ्यांनी मिळवलं होतं. त्यासाठी त्यांनी इतके हेलपाटे घातले होते की, ऑफिसातल्या शिपायाच्या मुलीच्या लग्नाचं आमंत्रणही त्यांना आलं होतं. परत केलं की पुन्हा सगळं पहिल्यापासून. आणि ऐन हंगामात गॅसने दगा दिला तर गिऱ्हाईक फाटक ओलांडणार. ओलांडताना व्याह्यालाही सोबत नेणार.

“तू मला एवढंच सांग,” ती म्हणाली, “ते खरंच तुसावर चालतं का. चालत असेल तर मी तोंडातून शब्द काढणार नाही.”

अशी जबाबदारी अंगावर आल्यावर मी तेच केलं जे शिक्षक करतात. ग्रंथालयात गेलो. महायुद्धाच्या काळात पेट्रोल मिळेनासं झालं तेव्हा मोटारींच्या मागे शेगडीसारखं धूड बांधून कोळशाच्या गॅसवर त्या चालवत, असं पुस्तकात चित्रासकट होतं. म्हणजे गोष्ट शक्य होती. पण एखादी गोष्ट जगात शक्य असणं वेगळं आणि ती घोटीत आपल्यासमोर घडत असणं वेगळं. पहिल्याची खात्री पटल्यावर दुसऱ्याबद्दलचा माझा संशय वाढलाच. फसवणारा माणूस शक्य असलेल्या गोष्टीचाच आधार घेतो. अशक्य गोष्ट विकायला साधू लागतो.

पुढच्या खेपेला सफारीवाले हजर होते. त्यांनी मला यंत्र दाखवलं. पुरुषभर उंचीच्या वर गेलेला लोखंडी ड्रम, तोंड वरून उघडं. शेजारी चढायला शिडी.

“सर, तूस मोकळ्या हवेत पेटवलं तर जळून जातं. इथे आपण त्याला हवा मोजकीच देतो. वरच्या तोंडातून, तुसाच्या थरातून झिरपत जाते तेवढीच. त्यामुळे ते धड जळत नाही. धड न जळाल्यामुळे त्यातून गॅस निघतो, आणि तो गॅस जळतो. तो खालून ओढून घ्यायचा, पाण्याने धुवायचा, गाळायचा आणि इंजिनात सोडायचा.”

“म्हणजे डिझेल लागत नाही?”

“थोडं लागतंच.”

“थोडं म्हणजे?”

“इंजिन सुरू करताना डिझेल. मग गॅस आला की डिझेल आपोआप कमी होतं. अगदी बंद होत नाही. ठिणगीपुरतं लागतं.”

हे ‘थोडं लागतंच’ मला तिथल्या तिथे खटकलं. आमच्या कॉलेजात एक सहकारी ‘थोडी घेतो’ म्हणायचे. ते किती घेतात हे त्यांच्या बायकोलाही शेवटपर्यंत कळलं नाही.

सफारीवाल्यांनी पाइपच्या एका तोटीशी काडी धरली. भक्कन ज्योत उभी राहिली. निळसर, कडेला नारिंगी. दाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी ड्रमच्या मागे गेलो.

“काय शोधताय, सर?”

“काही नाही. सहज.”

मी सिलिंडर शोधत होतो. सापडला नाही. ताडपत्रीखाली एक पोतं मात्र सापडलं, त्यात बाभळीच्या लाकडाचे सारखे तोडलेले तुकडे.

“हे काय?”

“ते पेटवायला. तूस सुरुवातीला चटकन धरत नाही.”

सुरू करायला डिझेल, पेटवायला लाकूड. तूस नक्की काय करायला होतं, हे विचारायचं मी टाळलं. ड्रमच्या बुडातून निघालेल्या पाइपवर बोट ठेवलं आणि चटका बसून काढून घेतलं. उष्णता खरी होती, यात वाद नव्हता. मग मी म्हटलं, “एक करा. इंजिन चालू असताना गॅस बंद करून दाखवा. काय फरक पडतो बघू.”

त्यांनी आनंदाने गॅसची झडप बंद केली. इंजिनाने सूर बदलला नाही. पट्टा तसाच फिरत राहिला, तांदूळ तसाच पडत राहिला.

“बघा! गॅस कमी झाला की इंजिन स्वतःच डिझेल वाढवून घेतं. भरडाई थांबत नाही. गिऱ्हाइकाला कळतसुद्धा नाही.”

“मलाही कळत नाहीये,” मी म्हटलं. “तीच तर पंचाईत आहे.”

ते मोकळेपणी हसले. मला लबाड माणसं हसतात त्याचा राग येत नाही. ती इतकी छान हसतात याचा येतो. ताईला मी म्हटलं, “नक्की सांगता येत नाही.” ती म्हणाली, “एवढं शिकून?”

उद्घाटनाच्या दिवशी सकाळीच पोचलो. गिरणीच्या अंगणात मांडव, मंचावर गादीच्या खुर्च्या, ड्रमला झेंडूचा हार. शिडीलाही एक हार होता; दाजी कुणालाही उपेक्षित ठेवत नसत. त्यांच्या छातीवर ‘स्वागताध्यक्ष’ असा बिल्ला होता आणि सदऱ्याच्या खिशातून अर्जाची घडी डोकावत होती. त्याच दिवशी भरडाईही ठेवली होती, म्हणजे पाहुण्यांना यंत्र कामात दिसावं. शेतकरी भात घेऊन आले होते, आणि मांडव आपल्याचसाठी घातल्यासारखे पोत्यांसकट मधोमध बसले होते.

ड्रम भरायचं काम गिरणीतल्या जुन्या गड्याकडे होतं. त्याला सगळे मामा म्हणत. सफारीवाल्यांनी त्याला शिकवून ठेवलं होतं आणि ते स्वतः पाहुण्यांना आणायला महामार्गावर गेले होते. मामाने लाकडाचे तुकडे पेटवले, वर तूस लोटलं, आणि ड्रमच्या उघड्या तोंडातून पांढराधोप धूर मांडवावर आला. नव्या यंत्राला सुरुवातीला तो येतोच. इंजिनाची ओढ लागली की कमी होतो. पण दाजी धावत आले.

“मामा, धूर! पाहुणे यायची वेळ झाली!”

“आता पेटीवलं म्हनल्यावर धूर येनार, मालक.”

“ते मला माहीत नाही. धूर दिसता कामा नये.”

मामा शिडीवर उभा राहून विचार करू लागला. खाली पोत्यावर बसलेला एक म्हातारा शेतकरी बराच वेळ अस्वस्थपणे ड्रमकडे पाहत होता. तो म्हणाला, “आरं, आग उघडी ठिवलीय तू. वरून माती टाक की.”

“तेच म्हनतो मी,” दुसरा म्हणाला. “वाऱ्यावर सगळं उडून जाईल. मांडव पेटंल.”

इथे राब म्हणजे काय ते सांगायला हवं. घोटीच्या आसपास, आणि तसं सगळ्याच डोंगरपट्ट्यात, भाताची रोपं जिथे टाकायची ती जमीन उन्हाळ्यात भाजून घेतात. शेण, त्यावर झाडाचा टहाळ, पालापाचोळा, गवत, तूस असे थर लावतात आणि शेवटी सगळ्यावर बारीक माती पसरतात. ती माती महत्त्वाची. तिच्यामुळे आग भडकत नाही, वाऱ्याने उडत नाही, आत दबून सावकाश धुमसत राहते. राब उघडा पेटवणारा माणूस त्या भागात वेडा समजला जातो. हे ज्ञान त्यांच्या हातांत पिढ्यान् पिढ्या मुरलेलं. आणि समोर काय होतं? थर लावलेलं तूस, खाली विस्तव, आणि वर माती नाही. तिथल्या प्रत्येकाला ती नजरचूक वाटत होती.

दाजींचाही जन्म तिथलाच. त्यांनी क्षणभर ड्रमकडे पाहिलं आणि म्हणाले, “हां, टाक थोडी.”

मामाने घमेलं भरून चाळलेली माती वर नेली आणि तुसावर सारखी पसरली. अगदी हाताने, कडा दाबत. धूर थांबला. “झालं,” म्हातारा म्हणाला आणि निवांत झाला.

मी हे सगळं पाहत होतो. मला शंका आली, नाही असं नाही. पण ती भलतीच होती. मला वाटलं, मातीखाली काहीतरी लपवलं जातं आहे.

पाहुणे आले तेव्हा इंजिन सुरू होतं, पट्टा फिरत होता, तांदूळ पडत होता आणि धुराचा मागमूस नव्हता. सफारीवाल्यांचा चेहरा उजळला. त्यांनी वर चढून पाहिलं नाही. हाराला धक्का लागला असता. नारळ फुटला, शाली झाल्या, ताईने पाहुण्यांना ओवाळलं. मग भाषणं सुरू झाली, आणि इंजिनाच्या ठकठकाटात त्यांतला एकही शब्द ऐकू येईना. त्यामुळे श्रोते शांत होते.

मी मंचाला वळसा घालून ड्रमपाशी गेलो. मागे चटका बसलेला तोच पाइप होता, म्हणून आधी नुसतं बोट जवळ नेलं. काही जाणवलं नाही. बोट टेकवलं. मग पूर्ण तळहात ठेवला. चहा ओतून घेतलेल्या किटलीइतका कोमट होता. तोटीशी काडी धरली. काडी जळून बोटापर्यंत आली, बाकी काही झालं नाही.

आत विस्तव मेला होता. हवा येण्याची एकच वाट होती आणि तीवर माती लिंपली होती. आणि इंजिनाला त्याचं काहीही नव्हतं. गॅस येईना तसं ते स्वतःच डिझेल वाढवून घेत गेलं असणार, आणि सकाळपासून ‘विजेविना’ अशी मोठी अक्षरं लिहिलेल्या फलकाखाली पोटभर डिझेल पीत सुखाने चाललं होतं.

ताई आरतीचं ताट घेऊन आत निघाली होती. मी तिला दारात गाठलं.

“पाइप गार आहे.”

“म्हणजे?”

“म्हणजे गॅस नाही. सगळं डिझेलवर चाललंय.”

ताईने मंचाकडे पाहिलं. पाहुणे बोलायला उठले होते आणि दाजींचा हात खिशाकडे जाऊन येत होता, तालीम केल्यासारखा. तिने ताट माझ्या हातात दिलं, इंजिनाशेजारी गेली आणि डिझेलच्या नळीचा कॉक फिरवून बंद केला. त्याच्यावर कुंकवाचं बोट उमटलं.

इंजिन आणखी थोडं चाललं. मग धापा टाकू लागलं, दोनदा ठसकलं आणि थांबलं. पट्टा फडफडत स्थिर झाला. अंगणात एकदम शांतता पसरली आणि त्या शांततेत पाहुण्यांचं भाषण पहिल्यांदा ऐकू आलं. ते स्वावलंबनावर होतं.

पाहुणे अनुभवी होते. ते एका शब्दापुरते अडखळले आणि हात उंचावून म्हणाले, “ऐकताय? ऐकताय ना? आवाज नाही! धूर नाही! हेच ते उद्याचं यंत्र!”

टाळ्या पडल्या. बऱ्यापैकी पडल्या. त्या ओसरल्यावर पोत्यावरचा म्हातारा म्हणाला, “सायेब, बंद पडलंय ते.”

सफारीवाले खुर्चीतून उठून धावले. “डिझेल संपलं का? बघा रे, डिझेल बघा!”

“डिझेल?” मागून एक आवाज आला. “मंग तूस कशाला भरलंय? ड्रमाला थंडी वाजती म्हनून?”

मांडवभर हसू फुटलं. सफारीवाले शिडीवरून ड्रममध्ये डोकावले आणि ओरडले. “माती! माती कुणी टाकली यात?”

दाजी बिल्ला नीट करू लागले. शेवटी मामा म्हणाला, “तुमी नव्हते. धूर नको म्हनले मालक.”

“अहो, म्हणून माती? गुदमरला ना तो!”

“मंग काय आग उघडी ठिवायची?” म्हातारा आता उभा राहिला. “आमी काय आज पेटवितोय व्हय? बापजाद्यापासून राब भाजतोय.”

“बाबा, हा राब नाही हो!”

“थर लावले, खाली इस्तू, वर तूस. मंग हाय काय दुसरं?”

हवा कोंडून सावकाश जाळायचं, हे दोन्हीकडे सारखंच होतं. फक्त एकाला गॅस हवा होता आणि दुसऱ्याला राख.

पाहुण्यांनी घड्याळ पाहिलं. “बरं, तो अर्ज द्यायचा होता ना?”

दाजींचा हात खिशात गेला. घडी अर्धी बाहेर आली. ते ड्रमकडे बघत होते, हाराकडे, पत्रिकेवरच्या त्या ओळीकडे, जी गावभर वाटून झाली होती. मला खरंच वाटलं की ते देतील. माणूस अशा वेळी खिशातलं देऊन मोकळा होतो.

“अहो, अर्ज राहू द्या आता,” ताई दारातून म्हणाली. आवाज चढवला नव्हता, पण इंजिन बंद असल्यामुळे तो मंचापर्यंत गेला. “लाइट आहे आत्ता. पट्टा मोटरीवर चढवा. या लोकांचं भात अर्ध्यात अडकलंय, ते काय पाहुण्यांच्या गाडीतून घरी जाणार आहेत?”

पोत्यांवरून पसंतीचा हुंकार आला. दाजींनी घडी आत सारली. खाली उतरले, बाह्या सारल्या आणि मामाबरोबर पट्टा ओढू लागले. गिरणी विजेवर सुरू झाली, फलकासमोरच. पाहुण्यांनी भरड पाहिली, तांदूळ हातात घेऊन वास घेतला, ‘उत्तम’ म्हणाले आणि गेले. दाजी त्या दिवशी माझ्याशी बोलले नाहीत. मला त्यांचा राग समजत होता. कॉक मी फिरवला नव्हता, पण प्रोफेसर मीच होतो.

गोष्ट इथे संपली असती तर माझी बाजू फार छान दिसली असती. सफारीवाले मात्र पळून गेले नाहीत. दुसऱ्या दिवशी जुना शर्ट घालून आले, बाह्यांपर्यंत काळे होत ड्रम रिकामा केला. तळाच्या जाळीवर वरून गळलेल्या मातीचे भाजून झालेले खडे चिकटले होते, ते छिन्नीने तोडले. मामा शेजारी बसून खडे गोळा करत होता. पुन्हा तूस भरलं, पेटवलं, आणि या वेळी वर कुणी काही टाकलं नाही. ताई शिडीखाली खुर्ची टाकून बसली होती, कुणी घमेलं घेऊन आलंच तर म्हणून.

इंजिन चाललं. त्यांनी डिझेलची टाकी नळीपासून सोडवून माझ्या हातात एक बाटली दिली आणि म्हणाले, “सर, आता यातूनच देऊ. तुम्ही धरा.” मी बाटली धरून उभा राहिलो. गॅस बंद असताना तिच्यातली पातळी डोळ्यांदेखत उतरत होती. गॅस सोडला आणि ती जवळजवळ थांबली. भरडाई तशीच चालू. मी पुन्हा एकदा ड्रमच्या मागे जाऊन सिलिंडर शोधला. नव्हता. मला ते फारसं आवडलं नाही.

माणूस खरं बोलत होता. ‘बंदिस्त ऊर्जा’ म्हणतानाही खरंच बोलत होता. इतका खरा माणूस इतका लबाडासारखा का बोलतो, हे कोडं मला आजही सुटलेलं नाही. कदाचित खरं साधेपणाने सांगितलं तर त्याच्या उद्घाटनाला कुणी येत नसावं.

त्या हंगामात गिरणी बहुतेक तुसाच्या गॅसवर चालली. फाटक कुणी ओलांडलं नाही. उलट पलीकडची पोती इकडे आली, थोडी तांदळासाठी आणि थोडी ड्रम बघायला. दाजी पुन्हा बोलू लागले आणि बोलू लागताच म्हणाले, “काय प्रोफेसर, चालतंय ना? मग कनेक्शन ठेवून काय मिळवलं तुमच्या बहिणीने?”

मी ताईकडे पाहिलं. ती काट्यावर पोतं चढवत होती. “टाकी भरत्ये,” ती म्हणाली.

गॅस धुवायला आणि इंजिन थंड ठेवायला सतत पाणी सोडावं लागतं. ते गिरणीच्या छपरावरच्या टाकीतून यायचं, टाकीत विहिरीतून चढायचं, आणि विहिरीवरची मोटर थ्री-फेजवर होती. लाइट आली की ताई आधी टाकी भरून घ्यायची. टाकी रिकामी झाली की विजेविना चालणारी गिरणी लाइट येईपर्यंत बंद असायची.